पटावर चार

आमच्या गावच्या मुंबई मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मी सांभाळते. हे पद काही निवडणूक लढवून मिळालेलं नाही. ‘हिला मोबाईल कळतो’ एवढ्या पात्रतेवर मिळालं. ग्रुपवर दीडशेच्या वर माणसं आहेत. एकेकाळी ही सगळी माणसं परळच्या गाववाल्यांच्या खोलीत पाळीपाळीने झोपायची, आता बोरिवली, दहिसर, घाटकोपर, मुलुंड आणि तिथून पुढे विरार-डोंबिवलीपर्यंत पसरली आहेत. गाव संगमेश्वर तालुक्यात. गाव म्हणजे खरं तर चार वाड्या आणि मध्ये एक वहाळ.

गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी दहा मिनिटांच्या अंतराने ग्रुपवर दोन मेसेज आले. पहिला तुम्हीही वाचलेला असणार. जपानमध्ये एक रेल्वे स्टेशन आहे, तिथून फक्त एक शाळकरी मुलगी गाडीत चढते, आणि तिचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत रेल्वेने ते स्टेशन बंद केलं नाही. बर्फात उभी असलेली छोटी लाकडी शेड, एकटी मुलगी. खाली बदाम, हात जोडलेले, ‘याला म्हणतात देश’.

दुसरा मेसेज गावच्या शाळेतल्या गुरुजींचा होता. जूनमध्ये चौथीची तीन मुलं बाहेर पडणार, पहिलीला एकही नवीन नाव नाही, पट चारवर येणार, मंडळाने याचा विचार करावा. याखाली दुपारपर्यंत काहीच आलं नाही. मग कोणीतरी लिहिलं, ‘चार पोरांसाठी शाळा कोण चालवणार?’

जपानची गोष्ट तपासायची मला खोड लागली आहे, म्हणून सांगते. होक्काइदो बेटावरचं ते क्यू-शिराताकी स्टेशन खरं आहे. मार्च २०१६मध्ये ते बंद झालं हेही खरं. पण रेल्वे कंपनी दर मार्चला वेळापत्रक बदलते आणि जपानमधलं शालेय वर्षही मार्चलाच संपतं, त्यामुळे दोन तारखा जुळल्या. मुलीसाठी देशाने गाडी थांबवून धरली, ही त्यावर चढवलेली साखर. मला त्या साखरेचं काही वाटलं नाही. मला वाटलं ते एवढंच, की दीडशे माणसांना जपानमधली एक मुलगी पुरेशी वाटते आणि संगमेश्वरातली चार मुलं कमी वाटतात.

जपानला जायचीही गरज नाही. वाशीम जिल्ह्यात गणेशपूर नावाचं जेमतेम दीडशे वस्तीचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत २०२३च्या सुरुवातीला एकच विद्यार्थी होता आणि त्याला शिकवायला एक शिक्षक बारा किलोमीटरवरून रोज येत होते. ही बातमी देशभर फिरली. प्रार्थनेला दोघंच उभे राहतात, असा तो व्हिडिओ. प्रतिक्रियांमध्ये अर्धे लोक भारावलेले आणि अर्धे कर भरणारे.

कर भरणाऱ्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी बोरिवली पूर्वेला एका सोसायटीच्या ऑफिसात मंडळाची सभा झाली, तेव्हा बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी हिशेबच मांडला. शिक्षकाचा पगार महिना साठ हजार धरा. वर्षाचे सात लाख वीस हजार. भागिले चार. एका मुलामागे एक लाख ऐंशी हजार रुपये. ‘एवढ्यात इथल्या इंटरनॅशनल शाळेची फी निघेल, आणि ती पोरं शिकतात काय तर बाराखडी.’ कायद्याप्रमाणे तर साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक लागतात, म्हणजे त्यांनी हिशेब हात राखूनच केला होता.

सभेत शांतता पसरली. मी इतिवृत्त लिहीत होते, त्यामुळे मला मान खाली घालायला कारण होतं.

हा हिशेब फक्त आमच्या काकांचा नाही. डिसेंबर २०१७मध्ये राज्य सरकारने दहाच्या आत पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत हलवायचं ठरवलं होतं. २०२३मध्ये वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचे प्रस्ताव मागवले गेले. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचा आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचा दाखला दिला गेला. राज्यात अशा वीसच्या आतल्या शाळा चौदा हजारांवर आणि त्यांत मुलं सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार, हे आकडे तेव्हा पेपरात आले होते. म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुलं. मोठी शाळा, वर्गाला वेगळा शिक्षक, खेळायला संघ, प्रयोगशाळा, ने-आण करायला गाडी, असं ते चित्र. ऐकायला ते चांगलंच आहे. चार मुलांच्या शाळेत कबड्डीसुद्धा होत नाही.

पण ‘किती मुलं म्हणजे शाळा?’ या प्रश्नाला उत्तर काय? वीस असतील तर शाळा आणि एकोणीस असतील तर खर्च? शिक्षणहक्काचा कायदा २००९चा, एप्रिल २०१०पासून लागू. त्याखालच्या आपल्या राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा मुलाच्या घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं आहे. नवी शाळा काढायला वीस मुलांची अटही त्यातच आहे, हे नाकारत नाही. तरी मला त्यातलं मोजण्याचं टोक महत्त्वाचं वाटतं. किलोमीटर मोजायचा तर मुलाच्या दारातून सुरुवात करावी लागते. पट मोजायचा तर ऑफिसातल्या टेबलावरून. एकच शाळा, पण कुठून मोजता त्यावर ती हक्क ठरते किंवा उधळपट्टी.

सभेत शेवटी ठरलं ते आमच्या मंडळाच्या परंपरेला धरूनच. शाळा वाचलीच पाहिजे, असा ठराव एकमताने झाला. अध्यक्षांचा आवाज दाटून आला. याच शाळेत ते शेणाने जमीन सारवत, पाटीवर थुंकी लावून पुसत शिकले. माझे बाबाही तिथलेच, चौथीपर्यंत. मग पाच किलोमीटरवरच्या हायस्कुलात, मग मुंबईत, गिरणीत नाही पण गिरणीशेजारच्या कारखान्यात. ‘ती शाळा नसती तर आपण कोण असतो?’ अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. मंडळाकडे शाळेच्या प्रवेशद्वाराची कमान बांधायला जमवलेले एक लाख चाळीस हजार रुपये आहेत. देणगीदारांची नावं संगमरवरावर येणार आहेत. कमान यंदाच बांधू म्हणजे सरकारला दिसेल की गाव जागं आहे, असंही ठरलं.

त्या खोलीत तीस माणसं होती. त्यांच्यापैकी कोणाचंही मूल किंवा नातवंड त्या शाळेत नव्हतं. इतकंच काय, कोणाचंही मूल मराठी शाळेत नव्हतं. मी स्वतः कांदिवलीच्या कॉन्व्हेंटमधली.

मग मला एक काम देण्यात आलं. पटावरच्या चार मुलांच्या घरी फोन करून पालकांच्या सह्यांचं निवेदन तयार करायचं. चार मुलं, तीन घरं. सोपं काम.

पहिलं घर आमच्याच वाडीतलं, चुलत नात्यातल्या वहिनीचं. तिची दोन मुलं शाळेत, एक दुसरीत, एक तिसरीत. मी निवेदनाचं सांगितलं, तर ती म्हणाली, ‘सही कशाला गो बाय? बंद झाली तर बरंच होईल.’ मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ‘माझा मोठा तिसरीत एकटा आहे. एकटा! पहिला पण तोच, शेवटचा पण तोच. बघून लिहायला पण शेजारी कोण नाही.’ ती हसली, पण थट्टा करत नव्हती. खाली केंद्रशाळेत साठेक मुलं आहेत, सेमी इंग्लिश आहे, स्नेहसंमेलन होतं. पाच किलोमीटर लांब. गाडी मिळाली तर ती उद्या नाव काढायला तयार. ‘तुमी मुंबईत पोरांना शाळेच्या बसने पाठवता ना? मग आमच्या पोरांनी तुमच्या आठवणी किती दिवस राखायच्या?’

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून ठेवलं.

दुसऱ्या घरी आजी आहे. मुलगा-सून नालासोपाऱ्याला, जागा लहान, दोघंही कामाला, म्हणून नातू गावी. आजीला शाळा हवी, कारण ती पडवीतून दिसते. मधल्या सुट्टीत पोरगा खिचडी खाऊन घरी येऊन पाणी पिऊन जातो. पाच किलोमीटर लांबच्या शाळेत त्याला ताप आला तर आणायला कोण जाणार? आजीला रस्ता उतरवत नाही. पण गाडी दारात येणार असेल तर तिची हरकत नाही. ‘पोरगा चार पोरांत खेळला तर बरंच,’ असं ती स्वतःहून म्हणाली.

तिसरं घर वरच्या धनगरवाडीतलं. तिथे रेंज नाही, त्यामुळे मुलीच्या वडिलांशी बोलणं व्हायला चार दिवस लागले. मुलगी दुसरीत जाणार. आत्ताच ती पाऊण तास डोंगर उतरून शाळेत येते. पावसात वहाळाला पाणी आलं की साकवापर्यंत वळसा घालून येते किंवा येतच नाही. धनगरवाडीला गाडीचा रस्ता नाही. म्हणजे गाडी आली तरी ती खालीच येणार, पाऊण तास आहेच, आणि गाडी चुकली तर पुढचे पाच किलोमीटर. मी विचारलं, शाळा खाली गेली तर काय कराल? ‘काय करणार? बंद,’ ते म्हणाले. शाळा नाही, मुलगी बंद. हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगितलं.

आता घाला हिशेब. शाळा बंद झाली तर दोघांचा फायदा, एकाचं थोडं इकडे थोडं तिकडे, आणि एकीचं शिक्षण संपलं. मतदान घेतलं तर शाळा बंद.

टी. एम. स्कॅनलन या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९९८च्या आपल्या पुस्तकात एक उदाहरण दिलं आहे. टीव्ही स्टेशनच्या यंत्रांच्या खोलीत एक कामगार अडकलाय, त्याच्या हाताला विजेचे झटके बसताहेत. त्याला सोडवायचं तर प्रक्षेपण पंधरा मिनिटं बंद करावं लागेल. बाहेर वर्ल्ड कपची मॅच चालू आहे आणि लाखो लोक बघताहेत. मॅच संपेपर्यंत थांबायचं का? आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं, नाही, लगेच बंद करा. बघणाऱ्यांची संख्या कितीही वाढवली, लाखाचे कोटी केले, तरी उत्तर बदलत नाही. का? कारण प्रत्येक बघणाऱ्याचं नुकसान वेगवेगळं आणि छोटं आहे. त्या सगळ्यांची बेरीज सोसणारा असा कोणी माणूस नसतोच. सोसणारा एकच, आतला.

धनगरवाडीच्या मुलीचा विचार करताना मला हे उदाहरण पटकन लागू पडलं, आणि तेवढ्याच पटकन खटकलं. कारण वहिनीच्या मुलाचं एकटेपण म्हणजे मॅचची पंधरा मिनिटं नव्हेत. चार वर्षं वर्गात एकटं बसणं, कोणाशी भांडण नाही, कोणाच्या पुढे जाणं नाही, हेही शिक्षण कमी पडणंच आहे. शिवाय छोट्या शाळेत मूल निदान शिकतं तरी, असं गृहीत धरायची सोय नाही. ‘प्रथम’ ही संस्था २००५पासून ‘असर’ नावाची पाहणी करते. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा नीट वाचता येत नाही, हे तिच्या अलीकडच्या अहवालांत पुन्हा पुन्हा आलंय. एकाच शिक्षकाने चार इयत्ता, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती आणि निवडणुकीची कामं ओढायची म्हटल्यावर वेगळं काय होणार? अर्थात याच जिल्हा परिषदेच्या व्यवस्थेतून सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेचे रणजितसिंह डिसले २०२०चा ग्लोबल टीचर प्राइझ घेऊन आले आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटली. पण प्रत्येक वाडीला डिसले गुरुजी मिळतील या भरवशावर धोरण आखता येत नाही.

तेव्हा वहिनी चूक नाही. धनगरवाडीचा बापही चूक नाही. मग चूक कोणाची, हे शोधताना मला तिसऱ्याच माणसाचं नाव मिळालं, आणि ते आमच्या मंडळाच्या लेटरहेडवर होतं.

आल्बर्ट हर्शमन नावाचा अर्थतज्ज्ञ होता. १९१५ साली बर्लिनमध्ये जन्मला, नाझींच्या काळात देशोधडीला लागला, पुढे अमेरिकेत गेला. १९७०मध्ये त्याने एक लहानसं पुस्तक लिहिलं. एखादी संस्था बिघडायला लागली की माणसासमोर दोन वाटा असतात: सोडून जायचं, किंवा आत राहून ओरडायचं. त्याने उदाहरण दिलंय ते सरकारी शाळांचंच. शाळेचा दर्जा घसरला की सगळ्यात आधी कोण सोडून जातं? ज्यांना दर्ज्याची सगळ्यात जास्त फिकीर असते ते पालक. म्हणजे जे ओरडले असते, भांडले असते, शिक्षणाधिकाऱ्याच्या दारात बसले असते, नेमके तेच पहिल्यांदा बाहेर. मागे राहतात ते ज्यांना जाता येत नाही. आणि त्यांचा आवाज ऑफिसपर्यंत पोहोचत नाही. धनगरवाडीत तर फोनलाही रेंज नाही.

आमचं मंडळ म्हणजे हे सोडून गेलेले लोक. आम्ही गेलो म्हणून पट कमी झाला. सरकारने पट खाल्ला नाही, आम्ही खाल्ला. हे मी आरोप म्हणून म्हणत नाही. बाबा गावी राहिले असते तर मी हा लेख लिहीत नसते, भातलावणी झाल्यावर आंब्याच्या बागेत कामाला गेले असते, किंवा लग्न होऊन मुंबईलाच आले असते. सोडून जाणं हा गुन्हा नाही. कोकणात तर ती सात-आठ पिढ्यांची रीत आहे. पण सोडून जाणाऱ्याने मागे काय उरलंय याचा मालकीहक्क सोबत न्यावा का, हा प्रश्न आहे.

आणि मागे उरलेलं आपल्याला लागतंही. मे २०२० आठवा. मुंबईहून गावी पोहोचलेल्या चाकरमान्यांना कुठे ठेवलं होतं? शाळेत. माझ्या काका-काकूंनी घाटकोपरहून जाऊन चौदा दिवस त्याच दोन खोल्यांत काढले. फळ्याखाली वळकट्या, व्हरांड्यात चूल, गावातून कोणीतरी भाकऱ्या आणून उंबऱ्यावर ठेवायचं. मतदान शाळेत, लसीकरण शाळेत, वादळात पत्रे उडाले तर मुक्काम शाळेत. आमच्या गावात देवळाखेरीज सगळ्यांची अशी ती एकच इमारत आहे, आणि देवळात कोणाला मान आधी मिळणार यावरून अजून भांडणं होतात. शाळेत धनगरवाडीची मुलगी आणि मानकऱ्यांचा नातू एकाच पंगतीत खिचडी खातात. कुलूप लागलं तर मुलीचं शिक्षण जातंच, गावाची ही जागाही जाते. याची किंमत काकांच्या भागाकारात कुठे धरायची?

ऋणाची भाषा आमच्या सभेत खूप चालली. शाळेचं ऋण, मातीचं ऋण. मला तिच्यात एक लबाडी दिसते. ऋण म्हटलं की आपण देणेकरी होतो आणि देणेकऱ्याला फेडायची पद्धत स्वतः निवडायला आवडतं. कमान बांधून फेडू. पण देणं आहे कोणाला? इमारतीला? बाबांना शिकवणारे गुरुजी वारले. आणि त्यांचा पगार दिला कोणी?

याचं उत्तर जोतिराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात आहे. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं, की सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो. शेतकऱ्याकडून शिक्षणासाठी म्हणून पट्टी घेतली जाते आणि त्याच्या पोरापर्यंत ती पोहोचत नाही. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली. पुढे १९१७मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ती सक्ती आणली, मोफत शिक्षणासह. एक मूल शिकवायला किती खर्च येतो हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होताच. फुल्यांनी तो उलटा केला: आजवर ज्यांच्या पैशाने इतरांची मुलं शिकली, त्यांचं काय?

तोच प्रश्न आमच्या काकांच्या गणिताला लावून बघा. एका मुलीमागे एक लाख ऐंशी हजार म्हणजे फार, असं वाटतं. पण धनगरवाडीतून आजवर कितीजण शिकले? बाबांच्या वर्गात तिथलं एकही मूल नव्हतं. बाबांनीच सांगितलं. इतकी वर्षं त्या वाडीसाठी खर्चच न करून वाचवलेले पैसे कोणाच्या खात्यात गेले? त्यातल्या थोड्याशा पैशांवर आम्ही शिकलो. आज पहिल्यांदा त्या वाडीची एक मुलगी दुसरीत जातेय, आणि नेमकं आजच आपल्याला भागाकार सुचतोय.

हे सगळं मी बाबांना बोलले, तर ते म्हणाले, ‘मग तू तुझं पोर घालशील मराठी शाळेत?’ हा प्रश्न आपल्याकडे ब्रह्मास्त्रासारखा वापरतात. समोरचा गप्प बसतो. २०१५च्या ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर आदेशच दिला होता, की उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांनी, लोकप्रतिनिधींनी आणि न्यायाधीशांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळेत घालावीत, म्हणजे शाळा आपोआप सुधारतील. हर्शमनला हा निकाल आवडला असता. ओरडणाऱ्यांना परत आत ढकलायचं, बाहेरचं दार बंद करून. टाळ्या खूप मिळाल्या. शाळांमध्ये साहेबांची मुलं काही दिसली नाहीत.

मला मूल नाही, म्हणून मी बाबांना सोपं उत्तर देऊ शकले असते. दिलं नाही. जून २०२५मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान उठलं तेव्हा मीही स्टोरी टाकली होती. सरकारला २९ जूनला ते आदेश मागे घ्यावे लागले. मराठीला अभिजात दर्जा मिळाला त्या ऑक्टोबर २०२४मध्येही टाकली होती. त्या दोन्ही स्टोरींच्या मधल्या काळात माझ्या भावाने त्याच्या मुलीचं नाव इंग्रजी शाळेत घातलं आणि प्रवेशाचा फॉर्म ऑनलाइन भरून द्यायला मीच बसले. महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात, आमच्या घरापासून एक चालत दहा मिनिटांवर आहे. तिचं नावही कोणी काढलं नाही. नकार दिला असं नाही, विचारच आला नाही. आमच्या मुंबई उपनगर जिल्ह्याला जिल्हा परिषद नाही, पण आरेत आणि राष्ट्रीय उद्यानात पाडे आहेत. तिथल्या मुलांना बिबट्याच्या वाटेवरून शाळेत जावं लागतं, तेव्हा धनगरवाडी शोधायला संगमेश्वरलाच जायला हवं असंही नाही.

तरीही हा ढोंगीपणाचा मुद्दा मला वाटतो तितका मोठा नाही. ॲडम स्विफ्ट या ब्रिटिश अभ्यासकाने २००३मध्ये खास या पेचात सापडलेल्या पालकांसाठी पुस्तक लिहिलं. सगळ्यांसाठी चांगली सरकारी शाळा असावी असं मत असणं, आणि आजच्या परिस्थितीत आपल्या मुलाला दुसरीकडे घालणं, या दोन गोष्टी दर वेळी एकमेकींना खोडत नाहीत. शेजारची शाळा खरोखर पुरेशी नसेल तर आपलं मूल तिथे घालून आपण फक्त एक मूल जास्त अडकवतो. पण ती पुरेशी आहे की नाही हे बघायला तरी गेलं पाहिजे, एवढं स्विफ्ट मागतो. आम्ही गेलो नव्हतो.

ढोंगापेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. सोडून गेलेल्याने ‘शाळा वाचवा’ म्हणणं ढोंग असेल तर असो, त्याने निदान कोणाचं नुकसान होत नाही. नुकसान होतं ते आपली आठवण राखायला दुसऱ्याचं मूल बसवलं की. वहिनीचा मुलगा तिसरीत एकटा बसणार, का, तर अध्यक्षांना शेणाने सारवलेली जमीन आठवते. आणि दुसऱ्या बाजूनेही तेच. पट चार म्हणून टेबलावरून कुलूप लावायचं, का, तर कोष्टक सुटसुटीत दिसतं. दोन्हीकडे त्या मुलीचा डोंगर कोणी उतरून बघितलेला नाही.

अमेरिकेत १९३०च्या आसपास एकशिक्षकी शाळा सुमारे दीड लाख होत्या. १९७०पर्यंत दोन हजारांच्याही खाली आल्या. तिथल्या खेड्यांनी पुष्कळ आरडाओरडा केला, आणि शाळा गेल्यावर गाव ओसाड झाल्याचं दुःख अजूनही सांगितलं जातं. पण तिथे शाळांना कुलूप लावणं, पक्के रस्ते होणं आणि पिवळ्या बस धावणं हे बरोबरीने चाललं होतं. आपल्याकडे मुलींना एसटीचा मोफत पास आहे, तो पाचवीपासून. धनगरवाडीची मुलगी दुसरीत आहे. आणि पास असला तरी एसटी यावी लागते.

माझं मत विचाराल तर ते निवेदनात बसणारं नाही. धनगरवाडीच्या मुलीची खाली जायची सोय आधी उभी राहावी, निदान एक पावसाळा ती चालावी, आणि मगच शाळेच्या कुलपाचा विषय निघावा. तोवर एका मुलीसाठीही शाळा चालवणं उधळपट्टी नाही. पण सोय झाली आणि तिघांही घरांना जायचं असेल, तर मंडळाने गळा काढू नये. ती शाळा आमची नाही. आमची होती.

हे मी मेमधल्या सभेत वाचून दाखवलं. इतकं लांब नाही. कमानीचे पैसे गाडीला द्या, असं सुचवलं. धनगरवाडीचा रस्ता होईपर्यंत मुलीने आठवडाभर खाली आजीच्या घरी राहावं, तिच्या जेवणाखाण्याचं मंडळाने बघावं, हे आजीनेच फोनवर सुचवलं होतं, तेही सांगितलं. सात वर्षांच्या मुलीला आईपासून आठवडाभर लांब ठेवणं बरं का, असं एका काकीने विचारलं. मला उत्तर आलं नाही, अजूनही येत नाही. बँकेतले काका म्हणाले, मॅजिक गाडीवाला महिना बारा हजार घेईल, दहा महिन्यांचे एक लाख वीस. म्हणजे एकच वर्ष. पुढच्या वर्षी काय? अध्यक्ष म्हणाले, कमान शंभर वर्षं राहते, डिझेल एका वर्षात जळतं. मागून कोणीतरी विचारलं, हे सरकारचं काम, आपण करायला लागलो तर सरकार आणखी हात वर करेल. हा आक्षेप सगळ्यात वजनदार होता. हर्शमनच्या भाषेत, आम्ही गाडी दिली तर ओरडायचं आणखी एक कारण आम्हीच काढून घेतो. मी म्हटलं, गाडीही देऊ आणि दर महिन्याला बिलाची प्रत लावून जिल्हा परिषदेला पत्रही पाठवू. पत्र कोण लिहिणार, असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

वहिनीचं वाक्य मी वाचलं नाही. वाचणार होते. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते माझ्या बाबांचे वर्गमित्र आहेत.

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. मंडळाची पुढची सभा जुलैच्या दुसऱ्या रविवारी आहे. विषयपत्रिका मीच टाइप करून ग्रुपवर टाकली. विषय एक: गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग. दोन: मागील जमाखर्च. तीन: कमानीचं दरपत्रक. चार: शाळा. खाली सत्तावन्न अंगठे आले. धनगरवाडीचा नंबर ग्रुपवर घ्यावा म्हणून मी तीन वेळा आमंत्रणाची लिंक पाठवली आहे. एकच टिक दिसतेय.